मेम्फिसमध्ये फुकट आणि कमी खर्चात काय पाहावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेम्फिस नेमके कोठे आहे, आणि कमी खर्चात फिरणाऱ्याने तेथे का जावे?

मेम्फिस हे अमेरिकेच्या टेनेसी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील शहर असून ते मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावरील उंचवट्यावर वसलेले आहे. समोरच्या काठावर आर्कान्सा राज्य सुरू होते आणि शहराची दक्षिण हद्द मिसिसिपी राज्याला भिडते. १८१९ मध्ये शहराची आखणी झाली तेव्हा नाईलकाठच्या प्राचीन इजिप्शियन राजधानीचे नाव त्याला देण्यात आले. पुढे कापसाची मोठी बाजारपेठ, ब्लूज संगीताचे माहेरघर आणि नागरी हक्कांच्या लढ्यातील एका अत्यंत दुःखद घटनेचे ठिकाण अशी त्याची ओळख झाली. फेडेक्स कंपनीचे मुख्यालय येथेच असल्यामुळे नोकरीनिमित्त आलेल्या भारतीय कुटुंबांनाही हे शहर अपरिचित नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना शनिवार-रविवारी कोठे न्यावे, हा प्रश्न अशा घरांत नेहमीच पडतो.

प्रवासी कंपन्यांच्या याद्यांमध्ये तिकिटाची ठिकाणे आधी येतात. मात्र मेम्फिसचे मेम्फिसपण ज्यात आहे, ती नदी, तो रस्ता, ते मोटेलचे अंगण आणि ते जुने जंगल यांपैकी कशालाही तिकीट नाही. त्यामुळे आधी फुकटची ठिकाणे मनापासून पाहावीत आणि वाचलेले पैसे एखाद्याच संग्रहालयावर खर्च करावेत, असा आमचा सल्ला आहे.

नदी सर्वांत चांगली कोठून दिसते?

बिग रिव्हर क्रॉसिंग या पादचारी पुलावरून. १९१६ मध्ये बांधलेल्या हॅराहन रेल्वेपुलाच्या कडेला पूर्वी वाहनांसाठी एक अरुंद मार्ग होता. तो अनेक दशके बंद पडून होता. त्याच जागी पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी नवा मार्ग बांधून तो ऑक्टोबर २०१६ मध्ये खुला करण्यात आला. हा मार्ग जवळजवळ एक मैल लांब असून मिसिसिपीवरील पादचाऱ्यांसाठीचा तो सर्वांत लांब सार्वजनिक पूल मानला जातो. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सकाळी लवकरपासून रात्री दहापर्यंत तो उघडा असतो आणि अंधार पडल्यावर पुलावर रंगीत दिव्यांची रोषणाई केली जाते.

पूल चालून जाण्यात जी मौज आहे, ती काठावर उभे राहून मिळत नाही. शेजारच्या रुळांवरून मालगाडी गेली की पायाखालचा पूल थरथरतो, आणि गाडी लांबलचक असल्यामुळे ही थरथर बराच वेळ चालू राहते. खाली गढूळ, तांबूस-तपकिरी पाणी खांबांना वळसे घालत वाहताना दिसते. एकमेकांना बांधलेल्या मालवाहू बार्जांचा मोठा तांडा मागून ढकलत नेणारी एकच बोट दिसली, तर ती पुलाखालून पूर्ण बाहेर पडेपर्यंत अवश्य थांबावे. पुलाच्या मध्यावर टेनेसी आणि आर्कान्सा यांची सीमा दर्शवलेली आहे. मुलांना एक पाय या राज्यात व दुसरा त्या राज्यात ठेवून छायाचित्र काढून घ्यायला आवडते, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही आवडते. पुलावर सावली नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळी किंवा सूर्यास्ताच्या सुमारास जावे. सूर्य आर्कान्साच्या सपाट पूरमैदानावर मावळतो, त्यामुळे संध्याकाळची वेळ अधिक चांगली.

टॉम ली पार्क काय आहे, आणि हे टॉम ली कोण होते?

शहराच्या मध्यवर्ती भागाला लागून नदीकाठी पसरलेले हे सार्वजनिक उद्यान आहे. मोठ्या नूतनीकरणानंतर ते २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. मुलांसाठी खेळण्याची जागा, सावलीत बसण्याच्या सोयी आणि नदीकडे तोंड करून आखलेल्या पायवाटा येथे आहेत. प्रवेश विनामूल्य आहे.

टॉम ली हे नदीवर काम करणारे कृष्णवर्णीय मजूर होते. ८ मे १९२५ रोजी अभियंत्यांच्या एका संमेलनाचे पाहुणे व त्यांचे कुटुंबीय यांना घेऊन निघालेली एम. ई. नॉर्मन ही वाफेची बोट मेम्फिसजवळ उलटली. ली त्या वेळी आपल्या छोट्या बोटीतून एकटेच परतत होते. त्यांनी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून ३२ जणांना पाण्यातून बाहेर काढले. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हते. १९५४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडी स्तंभावर त्यांचा गौरव ‘अतिशय लायक निग्रो’ अशा शब्दांत करण्यात आला. कौतुक करतानाही त्या काळच्या शहराला माणसाचा वर्ण विसरता आला नाही, हे त्या ओळीवरून कळते. २००६ मध्ये बसवलेल्या नव्या शिल्पात बोटीतून वाकून बुडत्या माणसाला हात देणारे ली दिसतात. ही दोन्ही स्मारके एकाच फेरीत पाहावीत.

मड आयलंडवर जाणे योग्य ठरेल का?

भूगोलाची आवड असलेल्यांनी जरूर जावे. तेथील उद्यानात मिसिसिपीच्या खालच्या प्रवाहाची, म्हणजे इलिनॉय राज्यातील कैरो या गावापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंतची, काँक्रीटमध्ये कोरलेली प्रतिकृती आहे. प्रमाण तीस इंचांना एक मैल असे आहे, त्यामुळे सुमारे साडेनऊशे मैलांची नदी काही मिनिटांत चालून होते. नदीची सर्व वळणे, सोडून दिलेले जुने प्रवाह आणि काठावरची शहरे त्यात दाखवलेली आहेत. शाळेत पाठ केलेले ‘नालाकृती सरोवर’ म्हणजे काय, हे येथे पायाखाली दिसते. उद्यानात जाण्यासाठी तिकीट नाही. एकेकाळी येथे नेणारी मोनोरेल आता बंद असल्यामुळे पादचारी पुलावरून चालत जावे लागते.

लोरेन मोटेल तिकीट न काढता पाहता येते का?

बाहेरून पाहता येते, आणि मेम्फिसमध्ये एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर तो येथे द्यावा.

नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी ज्या सज्जात हत्या झाली, तो सज्जा मोटेलच्या वरच्या मजल्यावर, ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर आहे. आता ही वास्तू १९९१ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियमचा भाग आहे. संग्रहालयाला तिकीट आहे, परंतु मोटेलच्या दर्शनी भागासमोरील मोकळे अंगण सर्वांसाठी खुले असते. फिकट निळसर-हिरव्या दारांची रांग, रस्त्याकडे उभा असलेला जुन्या धाटणीचा नामफलक, खाली उभ्या केलेल्या त्या काळच्या दोन मोटारी आणि सज्जाच्या कठड्याला लावलेले पांढऱ्या-लाल फुलांचे चक्र हे सारे अंगणातूनच दिसते. गोळी रस्त्यापलीकडच्या ज्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीतून झाडली गेली, ती इमारतही समोरच आहे. दोहोंमधील अंतर किती थोडे आहे, हे तेथे उभे राहिल्यावरच लक्षात येते. कोणत्याही छायाचित्रात ते नीट कळत नाही.

लोरेन हे त्या काळी कृष्णवर्णीयांना सन्मानाने खोली देणाऱ्या मोजक्या मोटेलांपैकी एक होते. मालकांनी आपल्या पत्नीच्या, लोरी यांच्या, नावावरून त्याचे नामकरण केले होते. शहरात ध्वनिमुद्रणासाठी येणारे कलावंत येथेच उतरत आणि त्यांची काही गाजलेली गाणीही येथे लिहिली गेली. किंग यांना गोळी लागली त्याच दिवशी लोरी यांना मेंदूचा झटका आला आणि काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला.

संग्रहालयाचे तिकीट काढावे का?

आमच्या मते, काढावे. शहरात एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील तर ते येथेच करावेत. किमान तीन तास हाताशी ठेवावेत, कारण गुलामगिरीपासून सुरू होणारा हा प्रवास घाईने उरकण्याजोगा नाही. संग्रहालय मंगळवारी बंद असते. इतर दिवसांच्या वेळा हंगामानुसार बदलत असल्याने आधी संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

आत जाण्यापूर्वी किंग मेम्फिसमध्ये कशासाठी आले होते, हे ठाऊक असले तर पाहिलेले अधिक उमगते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे बसलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार, कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून मरण पावले. त्यानंतर १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे सफाई कामगारांनी संप पुकारला. पगारवाढ, सुरक्षित यंत्रे आणि संघटनेला मान्यता या त्यांच्या मागण्या होत्या. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावरून चालत. या संपाला पाठिंबा देण्यासाठी किंग आले आणि ३ एप्रिलच्या वादळी रात्री मेसन टेम्पलमध्ये त्यांनी आयुष्यातील अखेरचे भाषण केले. संग्रहालयात त्या काळची कचऱ्याची एक गाडी आणि तिच्याशेजारी फलक घेतलेल्या कामगारांचे पुतळे ठेवलेले आहेत. बील स्ट्रीट या संगीतासाठी प्रसिद्ध रस्त्याजवळच्या क्लेबर्न टेम्पलमधून संपकऱ्यांचे मोर्चे निघत. एप्रिल २०२५ मध्ये त्या वास्तूला भीषण आग लागून तिचे फार मोठे नुकसान झाले. मात्र शेजारच्या मोकळ्या चौकात ‘मी माणूस आहे’ या शब्दांचे स्मारक असून त्याला तिकीट नाही.

किंग यांचा महाराष्ट्राशी काही संबंध आला होता का?

आला होता. फेब्रुवारी-मार्च १९५९ मध्ये किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा भारतात आले होते. मुंबईत ते गांधीजींचे वास्तव्य राहिलेल्या गावदेवीतील मणिभवनात आवर्जून मुक्कामाला राहिले. मणिभवन पाहिलेल्या वाचकांना लोरेन मोटेलची ही ३०६ क्रमांकाची खोली पाहताना तो धागा आपोआप जाणवेल.

पीबॉडी हॉटेलमधील बदकांचा कार्यक्रम पाहण्यासाठी तेथे उतरावे लागते का?

मुळीच नाही. रोज सकाळी ११ वाजता आणि संध्याकाळी ५ वाजता होणारा हा कार्यक्रम कोणालाही विनामूल्य पाहता येतो. हॉटेलच्या गच्चीवर राहणारी पाच बदके, एक नर आणि चार माद्या, लिफ्टने खाली येतात, अंथरलेल्या लाल गालिच्यावरून वाद्यसंगीताच्या तालावर चालत दिवाणखान्यातील संगमरवरी कारंज्यापर्यंत जातात आणि दिवसभर तेथे पोहतात. संध्याकाळी हाच सोहळा उलट क्रमाने होतो. लाल कोट घातलेला, हाती काठी घेतलेला एक अधिकारी केवळ या कामासाठी नेमलेला असतो. १९३० च्या दशकात शिकारीहून परतलेल्या हॉटेलच्या व्यवस्थापकाने आणि त्याच्या मित्राने गंमत म्हणून जिवंत बदके कारंज्यात सोडली आणि पाहुण्यांना तो प्रकार इतका आवडला की प्रथाच पडली, अशी त्यामागची हकीकत सांगितली जाते. हॉटेलच्या उपाहारगृहांत बदकाचा पदार्थ मिळत नाही, हे ओघाने आलेच.

प्रत्यक्ष चालणे मिनिटभरातच संपते. त्यासाठी अर्धा तास आधी जाऊन जागा धरावी लागते. लहान मुलांना गालिच्याच्या अगदी कडेला बसवून घेतात, म्हणून मुले बरोबर असतील तर आणखी थोडे लवकर पोहोचावे. दिवाणखान्यात बसून काही मागवण्याची सक्ती नाही. वरच्या सज्जातूनही चांगले दिसते.

बील स्ट्रीटवर फिरायला पैसे लागतात का?

दिवसा लागत नाहीत. गर्दीच्या हंगामात शनिवार-रविवारी रात्री उशिरा सुरक्षेसाठी प्रवेशशुल्क आकारले जाऊ शकते, त्या वेळी वयाची अट असते आणि ओळखपत्र पाहिले जाते. रस्त्याचा मुख्य भाग संध्याकाळी वाहनांना बंद असतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवून आत वाजणारे संगीत रस्त्यावर ऐकू येते, त्यामुळे कोठेही आत न शिरता तासभर ब्लूज ऐकता येते. कलाकारांपुढे ठेवलेल्या डब्यात एक-दोन डॉलर टाकण्याची पद्धत आहे आणि ती पाळावी.

या संगीताच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान असलेले डब्ल्यू. सी. हँडी यांचा पुतळा त्यांच्याच नावाच्या छोट्या उद्यानात आहे. १८७६ पासून चालत आलेले ए. श्वॉब हे दुकान नुसते पाहण्यासाठीही आत जाण्याजोगे आहे. पदपथावर बसवलेले पितळी स्वरचिन्हांचे फलक वाचत चालले तर रस्त्याचा इतिहास उलगडतो. पण बीलवरील आमचे आवडते ठिकाण म्हणजे पत्रकार आयडा बी. वेल्स यांचा २०२१ मध्ये उभारलेला पुतळा. १८९२ मध्ये मेम्फिसमधील तीन कृष्णवर्णीय व्यावसायिकांना जमावाने ठार मारले तेव्हा वेल्स यांनी आपल्या वृत्तपत्रातून त्यावर निर्भीडपणे लिहिले. जमावाने त्या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त केले आणि त्यांना शहर कायमचे सोडावे लागले. संगीताच्या गोंगाटात हा पुतळा नजरेतून सुटतो, म्हणून मुद्दाम शोधावा.

गायक एल्विस प्रेस्ली यांच्या ग्रेसलँड या घराचे तिकीट फार महाग आहे. त्यांची समाधी फुकट पाहता येते हे खरे आहे का?

होय. बहुतेक दिवशी सकाळी दौरे सुरू होण्यापूर्वी, साधारणपणे साडेसात ते साडेआठ या वेळेत, मुख्य फाटकातून चालत जाऊन मेडिटेशन गार्डनमधील समाधीपर्यंत विनामूल्य जाता येते. एल्विस, त्यांचे आईवडील, आजी आणि २०२३ मध्ये निधन झालेली मुलगी लिसा मेरी यांच्या समाध्या येथे आहेत. घरात मात्र या वेळेत जाता येत नाही. घराच्या दौऱ्याचे तिकीट माणशी ८० डॉलरच्या आसपास असल्यामुळे चार जणांच्या कुटुंबाला तो खर्च सहज तीनशे डॉलरांवर जातो. एल्विस यांची गाणी ज्यांच्या घरात वाजत असत त्यांनी तो करावा. बाकीच्यांना सकाळची ही फेरी आणि रस्त्यालगतची, चाहत्यांनी संदेश लिहून भरून टाकलेली दगडी भिंत पुरेशी आहे. सणासुदीला व विशेष कार्यक्रमांच्या दिवशी वेळ बदलते, म्हणून आदल्या दिवशी खात्री करावी. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी, म्हणजे पुण्यतिथीच्या आदल्या रात्री, हजारो चाहते मेणबत्त्या घेऊन येतात.

सन स्टुडिओ आणि स्टॅक्स म्युझियम यांपैकी एकच निवडायचे झाले तर कोणते?

स्टॅक्स. सन स्टुडिओची ध्वनिमुद्रणाची खोली ऐतिहासिक आहे यात शंका नाही, पण ती एकच छोटी खोली असून दौरा लवकर संपतो. स्टॅक्समध्ये सोल संगीताच्या ध्वनिमुद्रिका, वाद्ये, पोशाख आणि चर्चमधील भजनांपासून झालेला या संगीताचा प्रवास असे पाहण्या-ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. शेल्बी काउंटीच्या, म्हणजे मेम्फिस ज्या जिल्ह्यात येते त्याच्या, रहिवाशांना मंगळवारी दुपारी तेथे विनामूल्य प्रवेश मिळत आला आहे.

झाडे, मोकळी हवा आणि चालणे यांसाठी कोठे जावे?

ओव्हरटन पार्कमध्ये. ३४२ एकरांच्या या उद्यानातील १२६ एकर क्षेत्र हे कधीच न तोडलेले जुने जंगल आहे. शहराच्या ऐन मध्यावर ओक आणि ट्यूलिप पॉप्लरची उंच झाडे, खाली मऊ पायवाटा आणि वाहनांचा आवाज जवळजवळ नाही, हे दृश्य अमेरिकेतील मोठ्या शहरांत सहसा पाहायला मिळत नाही. या जंगलातून आंतरराज्य महामार्ग ४० नेण्याची योजना होती. स्थानिक नागरिकांनी तिला विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७१ च्या निकालाने त्या कामाला खीळ बसली. पुढे महामार्गाची ती आखणी सोडून द्यावी लागली. आजही नकाशावर पाहिले तर हा महामार्ग शहराला वळसा घालून जाताना दिसतो. महाराष्ट्रातही विकासकामे आणि झाडे यांवरून वाद होत असल्याने वाचकांना ही कथा ओळखीची वाटेल.

याच उद्यानातील ओव्हरटन पार्क शेल हे १९३६ मध्ये बांधलेले खुले नाट्यगृह आहे. ३० जुलै १९५४ रोजी एल्विस प्रेस्ली यांनी येथे गायलेल्या कार्यक्रमाने त्यांची कारकीर्द खऱ्या अर्थाने सुरू झाली. उन्हाळ्यात आणि शरदऋतूत येथे मोफत मैफलींची मालिका होते. घरून चटई, पाणी आणि डबा घेऊन जावे. सगळेच तसे करतात.

शहराच्या पूर्वेकडे शेल्बी फार्म्स पार्क आहे. सुमारे ४,५०० एकरांचे हे उद्यान पूर्वी तुरुंगाची शेती होती. आता तेथे तळी, सायकलमार्ग आणि कुंपणामागे चरणारा बायसनांचा कळप आहे. प्रवेश व पार्किंग फुकट असून केवळ होड्या आणि सायकली भाड्याने घेतल्यास पैसे पडतात. अर्धा दिवस मुलांना मोकळे सोडायचे असेल तर याहून चांगली जागा नाही.

दफनभूमी हे प्रेक्षणीय स्थळ कसे असू शकते?

एल्मवुड सेमेटरी ही १८५२ मधील दफनभूमी प्रचंड जुनी झाडे, दगडी देवदूत आणि वळणावळणाच्या वाटा यांमुळे उद्यानासारखीच भासते. पण तिचे खरे महत्त्व १८७८ च्या पीतज्वराच्या साथीमुळे आहे. त्या वर्षी शहरातील सुमारे २५,००० लोक पळून गेले, आणि मागे राहिलेल्यांपैकी ५,००० हून अधिक जण दगावले. करवसुली थांबल्याने पुढच्याच वर्षी शहराची सनदही रद्द झाली. नाव नसलेल्या शेकडो साथबळींना येथे एकत्र पुरण्यात आले आहे. आपला कुंटणखाना रुग्णालयात बदलून रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या आणि शेवटी त्याच साथीत मरण पावलेल्या ॲनी कुक यांची समाधीही येथे आहे.

मेमोरियल पार्क सेमेटरीमधील क्रिस्टल श्राइन ग्रोटो हे कृत्रिम गुहेसारखे ठिकाण अगदी वेगळ्या प्रकारचे आहे. मेक्सिकन कलावंत दिओनिसिओ रोद्रिगेस यांनी १९३० च्या दशकात ते घडवायला घेतले. बाहेरची झाडांची खोडे, पूल आणि बाके लाकडी वाटतात, पण हात लावला की ते सारे सिमेंट असल्याचे कळते. दोन्ही ठिकाणी प्रवेश फुकट आहे. अंत्यविधी चालू असेल तर अर्थातच दूर राहावे.

शहरात दिसणारा तो चकचकीत पिरॅमिड कसला आहे?

पूर्वीचे क्रीडागृह, आणि आता शिकार व मासेमारीच्या साहित्याचे अवाढव्य दुकान. ३२१ फूट उंचीच्या या इमारतीत पाण्याची तळी, कृत्रिम सायप्रसचे दलदली रान आणि जिवंत मासे आहेत. हे सारे पाहायला पैसे लागत नाहीत, लागतात ते फक्त शिखरावर नेणाऱ्या लिफ्टला. पावसाच्या दुपारी मुलांना घेऊन जायला ठीक आहे.

रविवारी सकाळी काय करता येईल?

सोल गायक आणि धर्मोपदेशक रेव्हरंड अल ग्रीन यांच्या फुल गॉस्पेल टॅबरनॅकल चर्चमध्ये जाता येते. ते दर रविवारी स्वतः उपस्थित असतातच असे नाही, परंतु तेथील सामूहिक गायन ऐकण्याजोगे असते. हा मनोरंजनाचा कार्यक्रम नसून उपासना आहे. त्यामुळे नीटनेटका पोशाख करावा, मध्येच उठून जाऊ नये, चित्रीकरण टाळावे आणि दानपात्र फिरेल तेव्हा यथाशक्ती काही टाकावे.

टेनेसीच्या रहिवाशांना असलेल्या सवलती भारतातून आलेल्या आईवडिलांना मिळतात का?

सहसा नाही. सिव्हिल राइट्स म्युझियममध्ये सोमवारी दुपारनंतर मिळणारा मोफत प्रवेश किंवा प्राणिसंग्रहालयातील रहिवाशांच्या सवलती यांसाठी राज्याने दिलेले, छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. पासपोर्टवर ती मिळत नाही. मात्र ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी बहुतेक ठिकाणी तिकीट कमी असते; ते खिडकीवर स्वतःहून विचारावे.

गाडी नसेल तर फिरता येते का?

मध्यवर्ती भागापुरते येते. पीबॉडी, बील, टॉम ली पार्क आणि लोरेन मोटेल ही ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यापलीकडे ग्रेसलँड, शेल्बी फार्म्स किंवा एल्मवुडला जाण्यासाठी गाडी किंवा टॅक्सी लागते, कारण शहरातील बसव्यवस्था प्रवाशांच्या दृष्टीने अपुरी आहे. मुख्य रस्त्यावरील जुन्या धाटणीची ट्रॉली ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवण्यात आली होती. ती सुरू आहे असे गृहीत धरून बेत आखू नये. मध्यवर्ती भागात पार्किंगचे पैसे पडतात, आणि सामन्याच्या किंवा मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी ते बरेच वाढतात.

शहर सुरक्षित आहे का?

मेम्फिसमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण अमेरिकेतील अनेक शहरांपेक्षा जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पर्यटकांना सर्वाधिक त्रास होतो तो गाडीच्या काचा फोडून होणाऱ्या चोऱ्यांचा. गाडीत बॅग तर सोडाच, चार्जरची वायरही दिसेल अशी ठेवू नये. सामान डिकीत टाकायचे असेल तर ते निघतानाच टाकावे, मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांदेखत नव्हे. रात्री गजबजलेल्या रस्त्यांवरच चालावे.

शाकाहारी माणसाला स्वस्तात काय खाता येईल?

थोडी चौकशी केली तर पुष्कळ. मेम्फिसची ख्याती डुकराच्या मांसाच्या बार्बेक्यूसाठी आहे, आणि अडचण अशी की भाज्यांमध्येही तेच शिरलेले असते. शिजवलेल्या हिरव्या पालेभाज्यांत आणि गोडसर घेवड्यात बहुधा मांसाचे तुकडे असतात; मक्याच्या पावातही कधी कधी डुकराची चरबी वापरतात. म्हणून ‘यात मांस आहे का’ एवढे न विचारता ‘बेकन, हॅम किंवा लार्ड आहे का’ असे स्पष्ट विचारावे. तळलेली भेंडी, मॅकरोनी-चीज, कोलस्लॉ आणि पीच कॉब्लर यांवर पोट भरते, पण चौकशी यांच्याही बाबतीत करावी. मेम्फिसमध्ये बिलावर ९.७५ टक्के विक्रीकर लागतो आणि बसून जेवल्यास त्यावर १८ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे. यादीत १२ डॉलर दिसलेले जेवण प्रत्यक्षात १५ डॉलरांपलीकडे जाते. हंगामात शनिवारी सकाळी मध्यवर्ती भागात भरणाऱ्या शेतकरी बाजारातून फळे व पाव घेऊन नदीकाठी बसणे स्वस्तही पडते आणि आनंदाचेही असते.

कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिल, मेचा पूर्वार्ध आणि ऑक्टोबर हे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये हवा मुंबईतल्या मे महिन्यासारखी दमट असते आणि दुपारी बाहेर फिरणे ज्येष्ठांना झेपत नाही. मे महिन्यात शहरात मोठे उत्सव होत असल्याने हॉटेलांचे दर चढतात. बेत त्या काळातच असेल तर खोली नदीपलीकडे वेस्ट मेम्फिसमध्ये घ्यावी. ते आर्कान्सातले स्वतंत्र शहर असून बिग रिव्हर क्रॉसिंगचे दुसरे टोक तेथेच आहे. ४ एप्रिलला लोरेन मोटेलच्या अंगणात दरवर्षी स्मृतिकार्यक्रम होतो. त्या दिवशी जाणार असल्यास सकाळीच पोहोचावे, कारण आसपासचे रस्ते वाहनांसाठी बंद असू शकतात.